हवा बदलली की बंद पडणारा काँप्युटर: अपग्रेडच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१७ सालचा डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात. उन्हाळ्यात दुपारी आतला पंखा घोंघावतो, ढगाळ-वादळी हवेत मशीन मध्येच रीस्टार्ट होतं. रॅम वाढवू, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाकू, ग्राफिक्स कार्ड घेऊ, की हा मोडीत काढून नवाच आणू, असं तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: कॅबिनेटच्या मागे हात लागला की कधी कधी बोटांना मुंग्या येतात, तर उघडताना शॉक बसणार नाही ना?

मी सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करणार आहे. रॅमचं नंतर बघू.

तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी. संथपणा जवळजवळ नक्की हार्ड डिस्कचा. वादळी हवेतले रीस्टार्ट बहुधा विजेचे. मुंग्या अर्थिंगच्या. अपग्रेड म्हणून जे काही विकत घ्याल, ते फक्त पहिल्या तक्रारीवरचं औषध आहे. बाकीच्या दोन तशाच ठेवून आत नवे भाग बसवलेत, तर नवे भागही त्याच विजेवर चालणार. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे: नवी कोरी एसएसडी, नवी रॅम, आणि रीस्टार्ट जसेच्या तसे.

आता मुंग्या. एसएमपीएसच्या, म्हणजे काँप्युटरला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या आत विजेच्या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या धातूकडे दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जोडलेले असतात. विजेतला नॉइज अर्थमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थची तार धड असेल तर तुम्हाला त्यांचा पत्ताही लागत नाही. ती तुटलेली असेल तर कॅबिनेट या दोन कपॅसिटरच्या मधोमध अधांतरी राहतं आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्यात त्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. त्यामागचा प्रवाह मात्र अगदी किरकोळ असतो, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. पाय अनवाणी असतील, फरशी ओलसर असेल किंवा हाताला घाम असेल तर त्या जास्त जाणवतात. तुम्ही "कधी कधी" लिहिलंय, ते या हिशेबात बसतं.

म्हणजे मुंग्या येतात म्हणून मशीन खराब, असं नाही. पण अर्थ पोचत नाहीये, एवढं त्यातून कळतं आणि तेवढं पुरेसं गंभीर आहे. उद्या एखाद्या तारेचं इन्सुलेशन फाटून ती कॅबिनेटला टेकली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही, अख्खं कॅबिनेट विजेखाली राहतं आणि पहिला हात लावणारा माणूसच अर्थ होतो. शिवाय अर्थ नसलेलं कॅबिनेट आणि अर्थ असलेला टीव्ही किंवा प्रिंटर चालू स्थितीत केबलने जोडताना बारीक ठिणगी पडते. एचडीएमआयचे पोर्ट "आपोआप" जातात, त्यातले बरेचसे असे जातात.

तपासायचं भिंतीपासून नको, मशीनकडून सुरू करा. पॉवर केबलच्या प्लगला तिसरी, जाड पिन आहे का, की बसत नाही म्हणून कुणी ती कापली आहे? मध्ये टू-पिनचा जोड घातलाय का? एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर त्याच्या तिसऱ्या भोकाला आत तार आहे का? स्वस्त बोर्डांत ते भोक नुसतं शोभेचं असतं. इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर भिंतीतल्या सॉकेटचा नंबर, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. त्याला तीन मापं घ्यायला सांगा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं जेमतेम काही व्होल्ट, असं आलं तर बरं. टेस्टर कॅबिनेटला लावून निष्कर्ष काढू नका. अशा अवस्थेत तो पेटतोच, पण कारण सांगत नाही. आणि कुणी "करून देतो" म्हणत सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा. मुंग्या लगेच बंद होतात हे खरं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.

आता हवा. "हवा बदलली की बिघडतो" ही तक्रार मी खूप ऐकतो आणि ती बहुतेक वेळा खरी असते. पण हवा म्हणजे एक गोष्ट नाही. उष्णता वेगळी, दमटपणा वेगळा, आणि वादळात विजेच्या पुरवठ्याला बसणारे हिसके वेगळे. तिन्हींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे.

हिसक्यांपासून बघू, कारण तुमचं वर्णन तिकडे बोट दाखवतं. वादळात कुठेतरी फांदी तारेला घासते, लांबवर वीज पडते आणि पुरवठा क्षणभर दबतो. दिव्याची नुसती उघडझाप होते आणि आपण म्हणतो, लाइट गेले नाहीत. पण काँप्युटरच्या हिशेबात तो क्षण मोठा असतो. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज, चांगल्या नव्या सप्लायमध्ये, पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरते. भार कमी असेल तर अजून थोडी. म्हणजे नवा सप्लायही जेमतेम एका आवर्तनाची खोट सोसतो. आठ-नऊ वर्षं उन्हाळे काढलेल्या सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात, त्यांची साठवण घटलेली असते. मग जी खोट नव्याने पचवली असती, ती जुन्याला जड जाते आणि मशीन रीस्टार्ट होतं. म्हणून "आधी व्हायचं नाही, आता होतं" ही तक्रारही खरीच असते. बाहेरची वीज तीच आहे, सोसणारा थकलाय.

खात्री कशी करायची? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) सिस्टिमच्या नोंदींत "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद सापडेल. ती बघून लोक घाबरतात आणि कर्नल (विंडोजचा गाभा) दुरुस्त करायला निघतात. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. तिचा खरा उपयोग वेळेसाठी. एक कागद मॉनिटरजवळ ठेवा आणि प्रत्येक रीस्टार्टला तीन गोष्टी टिपा: दिवे लुकलुकले का, मशीनवर तेव्हा भारी काम चालू होतं का, आणि ते लगेच पुन्हा सुरू झालं की बंदच राहिलं. दिव्यांबरोबर रीस्टार्ट होत असेल तर पुरवठा आणि सप्लाय. हवा स्वच्छ असताना, फक्त भारी कामाच्या वेळी होत असेल तर सप्लाय किंवा तापमान. काहीही न करता, कधीही होत असेल तर रॅम, मदरबोर्ड किंवा सैल झालेला कनेक्टर. दोन-तीन आठवड्यांचा असा कागद समोर आला की माझं अर्धं काम झालेलं असतं. तो नसेल तर मीसुद्धा अंदाजच करतो.

उष्णतेबद्दल एक साधा नियम लक्षात ठेवा. खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या प्रत्येक भागाचं तापमानही जवळपास तेवढंच वाढतं, कारण पंखा खोलीचीच हवा आत फिरवतो. थंडीत प्रोसेसर भारावर ७० अंशांवर असेल, तर उन्हाळ्यात तोच ८५च्या घरात जाईल, आणि त्यात बिघाड काहीच नाही. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची आहे. ती जवळ आली की तो स्वतःचा वेग उतरवतो, बंद पडण्याची पाळी त्यानंतर येते. म्हणून उष्णतेचं पहिलं लक्षण संथपणा, रीस्टार्ट नव्हे. तुमचा पंखा घोंघावतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमध्ये, अगदी पंख्याखाली, धुळीचा नमदा बसलेला असतो. तो वरून दिसत नाही, पंखा काढला की दिसतो. तो काढा आणि पंखा काढलाच आहे तर थर्मल पेस्टही (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावा. मटारच्या दाण्याएवढी पुरते. एवढ्याने तापमान खाली न येणं मी क्वचितच पाहिलंय.

दमटपणाला लोक नको तितके घाबरतात, आणि नको तिथे घाबरतात. नुसत्या दमट हवेने चालू मशीन सहसा बिघडत नाही, कारण आतून ते गरम असतं आणि गरम पृष्ठभागावर ओल धरत नाही. त्रास होतो तो बंद मशीनला आणि धुळीला. धूळ ओल शोषते, त्यातले क्षार ओलसर होतात आणि बारीक पायांमध्ये गळती सुरू होते, कॉन्टॅक्टवर हळूहळू गंज चढतो. पावसाळ्यात तीन-चार आठवडे बंद ठेवलेलं मशीन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, बीप वाजवतं, आणि रॅम काढून घातली की चालतं, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. ते त्या गंजाचं काम. कॉन्टॅक्ट खोडरबराने घासण्याची जुनी पद्धत आहे. ती चालते, पण सोन्याचा पातळ मुलामा थोडा थोडा निघतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड बरं. वापर नसला तरी ओल्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा मशीन तासभर चालू ठेवा. त्यावर प्लास्टिक घालून ठेवू नका, खालची ओल आतच कोंडते.

खरा धोका दव पडण्याचा, आणि तो लॅपटॉपवाल्यांना जास्त. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. एसीच्या खोलीतून २२ अंशांवरचा बंद लॅपटॉप तुम्ही बाहेर आणलात, की थंड पाण्याच्या बाटलीवर येतो तसा घाम त्याच्या आत मदरबोर्डवर येतो. बाहेरून काही दिसत नाही. उपाय सोपा आहे: बॅगेतून लगेच काढू नका. बॅगेतच तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा आणि मग चालू करा. थोडा फरक असेल तर अर्धा-पाऊण तास पुरतो. बाहेर गारठा आणि आत ऊब अशी हवा असेल तर जास्त थांबा.

वीज कडाडण्याबद्दल एकच सांगतो, पण पक्कं. स्पाइक गार्ड किंवा सर्ज प्रोटेक्टर लांबून येणारे छोटे-मोठे धक्के खातो. जवळ पडलेल्या विजेपुढे तो काहीच नाही. शिवाय त्याच्या आत व्हॅरिस्टर नावाचा जो भाग असतो तो प्रत्येक धक्क्याबरोबर थोडा झिजतो, आणि झिजल्यावरही प्रोटेक्टरवरचा लाल दिवा पेटलेलाच असू शकतो. त्यातून बरेच प्रोटेक्टर धक्का अर्थमध्ये ढकलतात. अर्थच नसेल तर कुठे ढकलणार? म्हणून वादळाची चिन्हं दिसली की प्लग काढून ठेवा. फक्त पॉवरचा नाही, नेटवर्कची तारही काढा. राउटरमार्गे आलेला धक्का मदरबोर्डचा नेटवर्क पोर्ट घेऊन जातो, आणि लोक पॉवर प्लग काढलाय म्हणून निर्धास्त असतात. हे सगळं गडगडाट सुरू होण्याआधी करायचं. वीज कडाडत असताना प्लग आणि तारांना हात लावायला जाऊ नका. मशीन गेलं तर गेलं.

इथवरचा क्रम थोडक्यात: आधी अर्थिंग, मग रीस्टार्टचा कागद, मग धूळ आणि पेस्ट. एसएमपीएस थकलाय असं कागदावरून दिसलं तर तो बदला, आणि जमलं तर यूपीएस घ्या. यूपीएस तासभर काम चालावं म्हणून नाही, त्या काही मिलिसेकंदांसाठी आणि नीट शटडाउन करता यावा म्हणून. त्याची लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते आणि उष्ण खोलीत त्याहून कमी, तेव्हा तो खिडकीतल्या उन्हात किंवा टेबलाखाली कोंदट कोपऱ्यात ठेवू नका. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होतो.

आता कॅबिनेट उघडण्याबद्दल. मशीन शटडाउन केलं तरी केबल लावलेली असेल तर मदरबोर्डवर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज असते. बोर्डवरचा छोटा दिवा त्यासाठीच पेटलेला असतो. म्हणून केबल भिंतीतून काढा, मग समोरचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, दिवा विझला की उघडा. आतले १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तुम्हाला शॉक देत नाहीत. एकच पेटी धोक्याची, एसएमपीएसची. तिच्यातल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. धूळ बाहेरून, जाळीतूनच काढा. तिचे स्क्रू खोलायचे नाहीत, कितीही व्हिडिओ पाहिलेले असोत.

स्टॅटिकचा (अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेचा) धोका उलट्या दिशेने आहे, तुमच्याकडून मशीनला. अंगावरचा स्टॅटिक आपल्याला टोचतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. चिपला इजा करायला त्याहून खूप कमी दाब पुरतो, म्हणजे तुम्हाला काही न जाणवता चिप दुखावू शकते, आणि ती लगेच न मरता काही महिन्यांनी त्रास द्यायला लागते. यात गंमत अशी की दमट हवेत स्टॅटिक फार साठत नाही. कोरड्या थंडीत, लोकरी किंवा सिंथेटिक कपड्यांत तो सगळ्यात जास्त. तेव्हा सुटे भाग हाताळायला दमट दिवस बरे आणि मशीन विजेवर चालवायला कोरडे. स्टॅटिक काढून टाकणारा मनगटी पट्टा, म्हणजे रिस्टबँड असेल तर छान. नसेल तर गालिच्यावर बसू नका, काम करताना मनगट कॅबिनेटच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा आणि रॅमची पट्टी कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

बाकी किरकोळ गोष्टी. पत्र्याच्या कडा धारदार असतात, मला शॉकपेक्षा त्यांनीच जास्त रक्त काढलंय. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदललीत तर जुनी लगेच टेपमध्ये गुंडाळून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजू शकते, घरी थांबून वाट बघायची नसते. आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट: नवा मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) एसएमपीएस आणलात तर त्याच्याच केबल वापरा. जुन्या सप्लायच्या केबल दिसायला तशाच असतात, बसतातही, पण सप्लायच्या बाजूचा तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क त्याच क्षणी संपते.

आता अपग्रेड. पहिली एसएसडी, यात मला शंका नाही. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी आणि हेड सरकण्याचा वेळ, असे मिळून एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या फायली असतील तर सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली वाचतं. तुमची चार-पाच मिनिटं तिथे जातात. साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखी साटा जोडणीवर चालणारी) तशी हजारो वाचनं सेकंदाला करते. एनव्हीएमई (मदरबोर्डच्या जास्त वेगवान मार्गावर चालणारी एसएसडी) तिच्याहून कितीतरी वेगवान असते, पण रोजच्या कामात हार्ड डिस्क ते साटा ही उडी जाणवते तशी साटा ते एनव्हीएमई जाणवत नाही. मदरबोर्डवर एम.२चा स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई, की दोन्ही, हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. मग जुनी डिस्क दिसत नाही म्हणून माणूस रात्र घालवतो.

काहीही हलवण्याआधी बॅकअप. जुन्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा: रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, वाढत असतील तर तिला क्लोनिंगच्या (डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याच्या) आधीच निरोप द्यायचा, महत्त्वाच्या फायली पहिल्या उचलायच्या. फक्त सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) दिसत असतील तर डिस्क नव्हे, बहुधा साटा केबल वाईट. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हार्डवेअर किंवा बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) बदललं की ती मागितली जाते आणि ती नसेल तर कुणीही मदत करू शकत नाही.

दुसरी रॅम, पण बघून. नेहमीची सगळी कामं उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. ८० टक्क्यांच्या वर राहत असेल तर १६ जीबी करा, नसेल तर त्या पैशांत यूपीएस घ्या. तुमच्या पिढीच्या बोर्डावर बहुधा डीडीआर४ आहे, पण काही बोर्ड डीडीआर३चेही निघाले, तेव्हा लेबल वाचा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात जातात. बसवल्यावर मेमरी टेस्ट रात्रभर चालू द्या.

ग्राफिक्स कार्ड हे तुम्ही काय करता यावर आहे. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग नसेल तर त्याने काहीही वेगवान होणार नाही, फक्त थकलेल्या एसएमपीएसवर भार वाढेल. प्रोसेसर बदलण्याचा विचार सोडा. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच ११५१ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात, पण तुमच्या पिढीच्या बोर्डावर ते चालत नाहीत, आणि विकणारे सगळेच हे सांगत नाहीत.

याच ठिकाणी विंडोजचा मुद्दा येतो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर, तुमचा त्या यादीत नाही. अटी चुकवून ते बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. मी दुसऱ्यांच्या कामाच्या मशीनवर तसं करून देत नाही. बँकेचे व्यवहार, ऑफिसचा मेल यावर होत असतील तर दोन सरळ वाटा आहेत: एसएसडी आणि १६ जीबीवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), किंवा बोर्ड-प्रोसेसर बदलायची तयारी. जुनी हिशेबाची फाइल, टायपिंग, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर लिनक्सवर हे मशीन अजून काही वर्षं आरामात चालेल. एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर अडत असेल तर नवं घ्या, त्यात कमीपणा नाही. कुठलीही वाट धरलीत तरी साटा एसएसडी आणि यूपीएस नव्या मशीनला जातील, दुरुस्त अर्थिंगही तिथेच असेल. जुन्या बोर्डासाठी घेतलेली रॅम मात्र बहुधा जाणार नाही, म्हणून तिच्यावर घाईने पैसे घालू नका.

तुमच्याकडून आता दोन गोष्टी हव्यात. एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या ओळीत किती अँपियर लिहिलेत ते बघा. वर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट नकोत, ते फुगवलेले असू शकतात. आणि मशीन ब्रँडेड ऑफिस मॉडेल असेल तर मदरबोर्डला जाणाऱ्या मुख्य कनेक्टरच्या पिना मोजा. नेहमीच्या २४ऐवजी कमी निघाल्या तर बाजारातला साधा सप्लाय थेट बसणार नाही, आणि मग दुरुस्तीचा हिशेबच बदलतो.